रॅट, केटामाइन आणि मेंदूतली साखर: स्किझोफ्रेनियावर सोलापुरात काय अभ्यासता येईल?

प्रश्न सोलापूरच्या एका एम. फार्म.च्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "माझा विषय फार्माकॉलॉजी. स्किझोफ्रेनियात मेंदूचं चयापचय कसं बिघडतं यावर प्राण्यांवर प्रयोग करून प्रबंध लिहायचा आहे. गाइड म्हणतात, केटामाइनचं मॉडेल घे, मेंदू काढ, किट आणून लॅक्टेट आणि ग्लुकोज मोज. एवढं पुरेल का? पेट स्कॅनसारखी सोय आमच्याकडे नाही. दुसरं म्हणजे, माझा मोठा भाऊ काही वर्षांपासून ओलान्झापिनवर आहे. वजन खूप वाढलंय. आजी म्हणते, डोक्यातली ताकद गेलीय, रोज ग्लुकोज पाजा. माझ्या कामातून दादाच्या उपयोगाचं काही निघेल का?"

आधी आजींचं बघू, कारण प्रबंध दोन महिने थांबला तरी चालतं. ग्लुकोज पाजू नका. रक्तातली साखर नॉर्मल असलेल्या माणसाचा मेंदू साखरेवाचून उपाशी नसतो. मेंदूच्या पेशी किती ग्लुकोज जाळणार हे त्यांच्या कामावर ठरतं, रक्तात किती ओतलं यावर नाही. उलट ओलान्झापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीने वजन, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढण्याचा धोका आधीच असतो, त्यात रोजचं ग्लुकोज म्हणजे भरच. दादाचं वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल शेवटचं कधी तपासलं, ते फाइलमध्ये शोधा. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्ये मिळून केलेल्या शिफारशीत या तपासण्या औषध सुरू करताना, मग तीन महिन्यांनी आणि पुढे ठरावीक काळाने करायला सांगितल्या आहेत. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोक्यात धरतात. हे सगळं तालुक्याच्या गावीही होतं. आणि वजन वाढलं म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही. औषध बदलणं, मात्रा कमी करणं किंवा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची जोड देणं हे डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं.

आता प्रबंध.

गाइड सांगतात ते मॉडेल, म्हणजे केटामाइन हे भुलीचं औषध देऊन जनावराच्या मेंदूत आजारासारखे बदल घडवणं, चालेल. पण काम तेवढ्यावर भागणार नाही. चयापचयाच्या अभ्यासात आजाराच्या आधी करणाऱ्याचा हात दिसतो. भूल कशाची दिली, जनावर किती तास उपाशी होतं, खोली किती तापली होती, मेंदू किती सेकंदांत गोठला, या गोष्टी आकड्यांत उतरतात, आणि पुष्कळदा केटामाइनपेक्षा ठळक उतरतात. म्हणून माझं उत्तर मॉडेलपेक्षा मोजण्याबद्दल जास्त आहे.

माणसांत काय माहीत आहे ते थोडक्यात. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के तोच खातो. १९४८ साली सीमोर केटी आणि सहकाऱ्यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगायला देऊन स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या अख्ख्या मेंदूचा रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर मोजला. निरोगी माणसांच्या तुलनेत फरक निघाला नाही. म्हणजे एकूण बेरीज ठीक होती, गडबड असलीच तर वाटणीत होती. १९७४ मध्ये स्वीडनमध्ये इंग्वार आणि फ्रान्झेन यांना जुनाट रुग्णांत कपाळामागच्या भागाचा रक्तप्रवाह तुलनेने कमी दिसला, आणि 'हायपोफ्रंटॅलिटी' हा शब्द रूढ झाला. नंतरच्या पेट अभ्यासांत (किरणोत्सारी ग्लुकोज टोचून मेंदूचा कुठला भाग किती वापरतो ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) ती कधी सापडली, कधी नाही. माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून होता की त्याला काही काम दिलं होतं, तो औषधावर होता की नव्हता, यावर निकाल फिरतो. ओलान्झापिनसारखी अँटिसायकोटिक औषधं स्वतःच पुढच्या भागाचा ग्लुकोजवापर कमी करू शकतात, हे तर मोठंच त्रांगडं.

मरणोत्तर मेंदूंतही तेच. रुग्णांच्या मेंदूत पीएच थोडा कमी (म्हणजे आम्लता जास्त) आणि लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज अर्धवट जळून उरणारा पदार्थ, जास्त असल्याचं अनेकांना आढळलं. पण त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं औषधं घेतलेली असतात, बिड्या-सिगरेटी ओढलेल्या असतात, शेवटचे दिवस आजारपणात काढलेले असतात. यातला आजार कुठला आणि आयुष्य कुठलं? प्राण्यांची गरज इथे पडते. २०१८ मध्ये जपानमधल्या गटाने एकही गोळी न घेतलेल्या पाच प्रकारच्या जनुकबदल उंदरांच्या (इथे उंदीर म्हणजे माउस, रॅटहून लहान) मेंदूत पीएच कमी आणि लॅक्टेट जास्त असल्याचं दाखवलं. 'हे सगळं औषधामुळेच होतं' असं छातीठोक म्हणणाऱ्यांना त्यामुळे जरा थांबावं लागलं. मॉडेलचं काम एवढंच असतं: माणसात गुंतलेल्या धाग्यांपैकी एक सुटा करून दाखवणं. रॅटला स्किझोफ्रेनिया होत नाही. आवाज ऐकू येतात का, शेजारी कट करतोय असं वाटतं का, हे त्याला विचारता येत नाही. शिवाय माणसाच्या कपाळामागे जो विकसित डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल भाग आहे, त्याची थेट जोड रॅटच्या मेंदूत नाही. प्रबंधाच्या शीर्षकात 'स्किझोफ्रेनिक रॅट' असं काही लिहू नका, परीक्षक तिथेच धरतील. 'एनएमडीए रिसेप्टर अडवल्यावर होणारे बदल' असं लिहिलं की कुणी बोट ठेवू शकत नाही.

आणि ऊर्जावापराचा आकडा काय सांगतो, तेही आधी पक्कं करा. एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडचं वीजबिल बघून माग किती चालले याचा अंदाज येतो, चादर निघाली की टॉवेल ते कळत नाही. ग्लुकोजवापर म्हणजे ते बिल. वापर वाढला म्हणजे त्या भागाचं काम सुधारलं असं नव्हे. गोंधळलेला मेंदूही भरपूर जाळतो.

केटामाइनवरच राहू. फेन्सायक्लिडिन हे भुलीचं औषध १९५० च्या दशकात आलं. शुद्धीवर येताना रुग्ण बरळायचे, संशय घ्यायचे. १९५९ मध्ये ल्यूबी आणि सहकाऱ्यांनी हे परिणाम स्किझोफ्रेनियाशी मिळतेजुळते असल्याचं मांडलं. केटामाइन त्याच कुळातलं, पण सौम्य. ही औषधं ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या एनएमडीए रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या एका ग्राहकाला, अडवतात हे १९८० च्या दशकात उलगडलं, आणि १९९४ मध्ये क्रिस्टल यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना भुलीपेक्षा कमी मात्रेत केटामाइन देऊन तशी लक्षणं काही काळापुरती उमटवून दाखवली.

आता गंमत अशी की एकदाच दिलेलं केटामाइन आणि दिवसेंदिवस दिलेलं केटामाइन यांचे चयापचयावरचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जातात. भुलीपेक्षा कमी मात्रेचं एक इंजेक्शन दिलं की रॅटच्या प्रीफ्रंटल, सिंग्युलेट आणि रेट्रोस्प्लेनियल कॉर्टेक्समध्ये, हिप्पोकॅम्पसच्या काही थरांत ग्लुकोजवापर वाढतो, आणि ऐकण्याच्या मार्गातल्या काही केंद्रांत घटतो. निरोगी माणसांच्या पेट अभ्यासातही केटामाइनखाली पुढच्या भागाचा वापर वाढलेला दिसला. कारण साधारण असं सांगतात: पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन बाळगणारे काही निरोधक न्यूरॉन असतात. ते अखंड वेगाने धडधडतात, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले असतात, आणि एनएमडीएची अडवणूक त्यांना आधी बाधते. लगाम सैल झाला की मोठे पिरॅमिडल न्यूरॉन मोकाट सुटतात, ग्लुटामेट वाढतं, इंधन जास्त जळतं. पण हेच कुळ काही आठवडे अधूनमधून देत राहिलं तर चित्र पालटतं. २००३ मध्ये ग्लासगोच्या गटाने फेन्सायक्लिडिन असं दीर्घकाळ देऊन रॅटच्या प्रीफ्रंटल भागाचा ग्लुकोजवापर घटल्याचं आणि पार्व्हाल्ब्युमिन कमी झाल्याचं दाखवलं. जुनाट रुग्णाच्या जवळ जाणारं चित्र हे दुसरं आहे.

म्हणून गाइडना पहिला प्रश्न हा विचारा: एकदा द्यायचं की रोज? एकदा दिलं तर तुम्ही औषधाचा अंमल अभ्यासताय. रोज दिलं, मग मध्ये काही दिवस सोडले आणि अंगात औषध उरलं नसताना मेंदू पाहिला, तर औषधाने मागे ठेवलेला बदल अभ्यासताय. प्रबंध दुसऱ्या प्रकारचा असावा असं माझं मत. रॅटमध्ये ३० मिलिग्रॅम प्रति किलो, पोटात, सलग पाच दिवस ही पद्धत पुष्कळांनी वापरलीय, तिथून सुरुवात करा. मात्रा वाढवायचा मोह टाळा. एनएमडीए अडवणाऱ्या औषधांच्या जड मात्रेने रेट्रोस्प्लेनियल भागातल्या न्यूरॉनमध्ये पोकळ्या पडतात हे जॉन ओल्नी यांनी १९८९ मध्येच दाखवलंय, आणि माद्यांत ते जास्त होतं. मग तुम्ही चयापचय नाही, इजा मोजत बसाल.

बाकी मॉडेल्स वाचनासाठी ठीक, दोन वर्षांच्या एम. फार्म.ला पेलणारी नाहीत. गाभण मादीला सतराव्या दिवशी मिथिलॲझॉक्सिमिथॅनॉल देऊन पिलांचा मेंदू घडतानाच बिघडवणं, गाभणपणात पॉली आयसी देऊन विषाणूसंसर्गाची नक्कल करणं, लिप्स्का आणि वाइनबर्गर यांनी १९९३ मध्ये मांडलेली नवजात पिलाच्या व्हेंट्रल हिप्पोकॅम्पसची इजा, आणि जनुकबदल उंदीर. आजार तारुण्यात का डोकं वर काढतो, हा प्रश्न केटामाइनपेक्षा यांनाच जास्त नीट विचारता येतो. पण गाभण मादीला इंजेक्शन दिलं तर प्रयोगाचं एकक ती मादी असते. एका वेताची आठ पिलं म्हणजे आठ नमुने नव्हेत, एक. या हिशेबात प्राण्यांची संख्या आणि खर्च कुठे जातो ते कागदावर मांडून बघा.

मोजण्याकडे येतो. सोन्यासारखी पद्धत लुई सोकोलॉफ यांची, १९७७ ची. ग्लुकोजचा भाऊबंद असलेला किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोज रॅटला टोचायचा. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेतात, त्यावर फॉस्फेट चढवतात, पण पुढे जाळू शकत नाहीत, तो तिथेच अडकतो. पाऊण तासाने मेंदूचे काप करून फिल्मवर ठेवले की कुठे किती अडकलं ते काळेपणात दिसतं. पेटमधलं एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ लावलेला डीऑक्सिग्लुकोज, याच तत्त्वावर चालतं. एक बारकावा इथे कामाचा आहे: एफडीजी जागेपणी टोचून, साठवण जागेपणीच होऊ देऊन, नंतर भूल देऊन स्कॅन केला तर चित्र बरंचसं जागेपणाचंच मिळतं. सोलापुरात अर्थात हे सगळं दूरचं. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी अर्धं होतं. पुण्याहून गाडीने चार तासांत आलं तरी एक-पंचमांशाच्या आसपास उरणार, आणि कार्बन-१४ वापरायचं तर किरणोत्साराची परवानगी लागणार. सोडून द्या.

आता तुमचं लॅक्टेट आणि ग्लुकोजचं किट. किट वाईट नाही, मेंदू काढण्याची रीत वाईट आहे. नेहमी काय होतं? रॅट मारतात, कवटी कात्रीने उघडतात, मेंदू बाहेर काढतात, बर्फावर भाग वेगळे करतात, तोलतात, मग होमोजिनाइझ करतात, म्हणजे लगदा करतात. सराईत हाताला यात दोन-तीन मिनिटं, शिकाऊ हाताला पाच-सात. आणि मेंदूत काय चाललेलं असतं? रक्त थांबल्याबरोबर ऑक्सिजन तुटतो. क्रिएटिन फॉस्फेट हा ऊर्जेचा राखीव साठा काही सेकंदांत कोसळतो, मिनिटाच्या आत ग्लुकोज आणि एटीपी, म्हणजे पेशीचं चालू इंधन, जवळपास संपतात, आणि त्या ग्लुकोजचं लॅक्टेट होऊन बसतं. ऑलिव्हर लॉरी यांच्या गटाने उंदरांत हे सेकंदासेकंदाने १९६४ मध्येच मोजून ठेवलंय. म्हणजे किटवर येणारा आकडा मरणाचा असतो, आजाराचा नव्हे. 'दोन्ही गटांना तेवढाच वेळ लागला, मग फरक खरा' हा बचावही टिकत नाही. ज्या गटाचा मेंदू मंद जळतो, त्याचं लॅक्टेट मेल्यावरही हळू चढतं. भुलीत मारलेला आणि शुद्धीत मारलेला यांच्यातही म्हणून फरक निघतो. यावरचा उपाय म्हणजे डोक्यावर केंद्रित मायक्रोवेव्ह सोडून सुमारे सेकंदात सगळी एन्झाइम थांबवणं. त्याचं यंत्र वेगळं आणि महाग असतं. स्वयंपाकघरातल्या ओव्हनने असलं काही करायचं डोक्यातही आणू नका, ती क्रूरता होईल आणि एथिक्स कमिटी उभं करणार नाही.

भुलीचं तर विचारूच नका. आपल्याकडे ॲनिमल हाउसमध्ये सवयीने केटामाइन-झायलझिन भरतात. तुमच्या प्रयोगात कंट्रोल गटालाही शेवटी केटामाइनच मिळालं तर तुलना कशाची करणार? झायलझिन इन्शुलिनचा स्राव दाबतं, रक्तातली साखर भराभर चढते. आयसोफ्लुरेन ही हुंगायची भूलही साखर थोडीफार वाढवतं आणि मेंदूचा वापर खाली आणतं. ग्लुकोजचा अभ्यास आणि झायलझिन हे एकाच प्रोटोकॉलमध्ये दिसले की मी पुढचं वाचतच नाही.

मग तुम्ही काय करायचं? माझी शिफारस सायटोक्रोम ऑक्सिडेज रंजनाची. मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीतलं हे शेवटचं एन्झाइम. ज्या भागाला दिवसेंदिवस जास्त ऊर्जा लागते तिथे ते जास्त असतं, ज्याचं काम उतरलं तिथे काही दिवसांत कमी होतं. मार्गारेट वाँग-रायली यांनी १९७९ मध्ये मांजराच्या दृष्टिकेंद्रावर ही पद्धत दाखवली. तुमच्यासाठी तिचा गुण असा की ती त्या क्षणाचं नव्हे, मागच्या काही दिवसांचं सरासरी चित्र देते, आणि मेंदू काढायला दोन-चार मिनिटं लागली म्हणून लॅक्टेटसारखी कोलमडत नाही. सलग दिलेल्या केटामाइनने मागे काय ठेवलं, या प्रश्नाला ती नेमकी बसते. किरणोत्सार नाही. क्रायोस्टॅट, म्हणजे गोठलेल्या मेंदूचे पातळ काप करणारं यंत्र, लागतो, तो शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात विनंती करून बघा, गाइडचं पत्र घेऊन जा.

करताना: मेंदू काढल्यावर तो थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकू नका, बाहेरचं कवच आधी गोठतं आणि आतून तडे जातात. सुक्या बर्फावर गार केलेल्या आयसोपेंटेनमध्ये, उणे ४० ते ५० अंशांच्या आसपास, हळूच सोडा. काळपट गुलाबी मेंदू काही क्षणांत पांढराफट्ट होतो. मग फॉइलमध्ये गुंडाळून उणे ८० अंशांवर. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला मेंदू इथे चालत नाही, एन्झाइम मरतं. काप क्रायोस्टॅटवर, स्लाइडवर उचलून, मग सायटोक्रोम सी आणि डायअमिनोबेंझिडिन घातलेल्या द्रावणात अंधारात ३७ अंशांवर. काप तपकिरी होत जातात. रंग वेळेप्रमाणे वाढतच राहतो, म्हणून प्रत्येक खेपेत सगळ्या गटांचे काप एकत्र टाका. सोमवारी कंट्रोल आणि गुरुवारी केटामाइन असं केलंत तर तुम्ही वार मोजाल. शिवाय रॅटच्या मेंदूचा लगदा करून, गोठवून, त्याचे वेगवेगळ्या जाडीचे काप प्रत्येक खेपेत मानक म्हणून ठेवा. जाडी दुप्पट तर रंगही त्या मानाने गडद यायला हवा. आला नाही तर ती खेप टाकून द्या. डायअमिनोबेंझिडिनला हातमोजे घाला, कर्करोगकारक मानतात.

त्याच मेंदूचे शेजारचे काप पार्व्हाल्ब्युमिनच्या अँटिबॉडीसाठी ठेवा. ऊर्जा कुठे उतरली आणि लगाम धरणारे न्यूरॉन कुठे कमी झाले, हे एकाच प्राण्यात शेजारी शेजारी दिसलं तर प्रबंधात जीव येतो. वर्तनाची एखादी चाचणी जोडा, नवी वस्तू ओळखण्याची सगळ्यात सोपी आणि निरुपद्रवी. प्रीपल्स इनहिबिशन (मोठ्या आवाजाआधी हलका आवाज दिला की दचकणं किती कमी होतं ते मोजणं) करायचं असेल तर त्याची जागा आवाजापासून बंद हवी. सोलापुरातल्या माझ्या सहकाऱ्यांना मी नेहमी म्हणतो, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आणि डीजेच्या मिरवणुकांच्या आठवड्यात दचकण्याची चाचणी ठेवू नका. जनावर आधीच दचकून बसलेलं असतं.

हवा हा सोलापूरचा खरा शत्रू. ॲनिमल हाउस साधारण २२ अंशांवर ठेवतात. उंदराला स्वतःहून उब पैदा न करता सुखाने राहता येतं ते ३० च्या आसपास. म्हणजे २२ अंशांवरचा उंदीर आधीच उबेसाठी जास्त खातो, जास्त जाळतो. रॅट आकाराने मोठा, त्याला हे थोडं कमी जाणवतं. आता मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि एसी बंद पडला की तीच खोली तासाभरात ३५ च्या पुढे जाते. एका आठवड्यातला अर्धा प्रयोग २२ वर आणि अर्धा ३५ वर झाला, तर केटामाइनचा परिणाम शोधत बसायचा कुठे? केटामाइन स्वतः रॅटचं अंगतापमान उतरवतं, आणि मेंदूचा ऊर्जावापर अंशागणिक सहा-सात टक्क्यांनी घटतो. इंजेक्शननंतर गुदाशयाचं तापमान नोंदवा. खोलीत कमाल-किमान तापमापी टांगा, साधी स्वस्त मिळते, आणि रोजची नोंद प्रबंधाला जोडा. हे फार कमी जण करतात.

खाण्याची वेळही तशीच. रॅट निशाचर आहे, रात्री खातो, दिवसा झोपतो. 'रात्रभर उपाशी' हा माणसाच्या लॅबमधला शब्दप्रयोग जशाच्या तसा उचलू नका. उंदराला रात्रभर उपाशी ठेवणं म्हणजे भुकेमरीच, यकृतातलं ग्लायकोजन संपून जातं. साखर बघायचीच असेल तर सकाळी चारा काढून चार ते सहा तास पुरे.

दादाच्या गोळीकडे येते ती वाट इथून. तुमच्या मनात ओलान्झापिनचा गट घ्यायचं असणार. जरूर घ्या, पण तीन गोष्टी आधी वाचून ठेवा. पहिली: माणसाच्या अंगात ओलान्झापिन दिवसाच्या वर टिकतं, अर्धं व्हायला साधारण ३० तास. रॅटमध्ये ते दोन-तीन तासांतच अर्धं होतं. रोज एक इंजेक्शन दिलं तर रॅट दिवसाचा बराच वेळ औषधाविनाच असतो. माणसात परिणाम दिसतो तो मेंदूतले डोपामिनचे डी२ रिसेप्टर ६५ ते ८० टक्के व्यापलेले असताना, म्हणून मिलिग्रॅम जुळवून भागत नाही, व्याप जुळवावा लागतो. शितिज कपूर यांच्या गटाने २००३ च्या सुमारास हे फार नीट मांडलं. दुसरी: सतत औषध सोडणाऱ्या छोट्या पंपात ओलान्झापिन भरलं की ते आतल्या आत ऑक्सिडाइझ होऊन खराब होतं. म्हणून खाद्यात मिसळणं किंवा दिवसातून दोन-तीनदा देणं बरं. तिसरी: ओलान्झापिनने माद्या लठ्ठ होतात, नर फारसे होत नाहीत. माणसात पुरुषही होतात, तुमच्या घरीच आहे. वजनाच्या प्रश्नाला नर रॅट घेतला तर उत्तर 'परिणाम नाही' असं येईल आणि ते खोटं असेल. शिवाय जे प्राणी जास्त खातात त्यांच्यातला साखरेचा बदल औषधाचा की खाण्याचा, हे वेगळं काढायला एक गट तेवढंच खाणं मोजून घातलेला लागतो.

आणि आणखी एक, कारण तुम्ही ते वाचलेलं असणारच: केटो आहार, म्हणजे पिष्ट-साखर अगदी कमी आणि चरबी भरपूर. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने एमके-८०१ (केटामाइनसारखंच एनएमडीए अडवणारं औषध) दिलेल्या उंदरांना केटोजेनिक आहार घालून त्यांचं बिघडलेलं वर्तन बरंच सावरल्याचं दाखवलं. कल्पना आकर्षक आहे: ग्लुकोजचा रस्ता अडला तर कीटोनचा, म्हणजे चरबीपासून बनणाऱ्या इंधनाचा, रस्ता उघडा. माणसांत अलीकडे छोट्या चाचण्या झाल्या आहेत, पण गोळीच्या जागी केटो असं सांगावं एवढं काही हातात नाही. उंदराच्या पिंजऱ्यातलं यश माणसात किती फसवं असू शकतं याचं उदाहरण याच क्षेत्रात आहे. मेटाबोट्रॉपिक ग्लुटामेट रिसेप्टरवर काम करणाऱ्या एका गटातल्या औषधाने १९९८ मध्ये फेन्सायक्लिडिन दिलेल्या रॅटमध्ये ग्लुटामेटची उसळी आणि बिघडलेलं वर्तन दोन्ही आवरलं. २००७ मध्ये त्याच वर्गाच्या औषधाने रुग्णांतल्या चाचणीत चांगलं काम केल्याचं छापून आलं, सगळे हरखून गेले. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते प्लासिबोच्या, म्हणजे बिनऔषधी गोळीच्या, पुढे गेलं नाही, आणि २०१२ मध्ये कंपनीने गुंडाळलं. रॅट खोटं बोलला नव्हता. त्याला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर त्याने दिलं होतं. दादाची भाकरी-आमटी आणि शेंगाचटणी तेवढ्यासाठी बंद करू नका, शेंगांचं प्रमाण आणि संध्याकाळचं चालणं बघा, ते वजनाला मदत करतं.

तुमच्या कामातून दादाला उद्या काही मिळणार नाही, हे स्पष्टच सांगतो. ओलान्झापिनच्या गटात माद्या घेतल्या, साखर नीट मोजली आणि सायटोक्रोम ऑक्सिडेजचं चित्र स्वच्छ आलं, तर 'औषधाने मेंदूच्या पुढच्या भागाचा वापर कमी होतो की आधी कमी झालेला सावरतो' या प्रश्नात एका कोपऱ्याची भर पडेल. एवढा प्रश्न दोन वर्षांना पुरतो. चार गट करा: सलाइन, केटामाइन, ओलान्झापिन, दोन्ही. गट चिठ्ठ्या टाकून पाडा, आणि स्लाइडवर नंबर घालणारी मैत्रीण वेगळी आणि मोजणाऱ्या तुम्ही वेगळ्या असा बंदोबस्त करा. गटात किती प्राणी, याचा हिशेब आधी करा, सहा-सहाची परंपरा आहे म्हणून सहा नको. प्राण्यांवरच्या प्रयोगांत काय काय नोंदवायचं ते सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शिकेची २०२० ची आवृत्ती समोर ठेवून प्रोटोकॉल लिहिला तर छापताना त्रास होत नाही.

कागदपत्रांचं पहिल्याच महिन्यात सुरू करा. फॉर्म बी भरून संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीकडे द्यायचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या मुख्य समितीचं नाव आता सीसीएसईए झालंय, जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात. सभा वर्षात मोजक्याच होतात, एक हुकली तर चार महिने गेले. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे खरेदी, कुलूपबंद साठा आणि वापराची नोंद यांची जबाबदारी कुणाची ते गाइडकडून लेखी घ्या. प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच, आणि आल्यावर किमान आठवडाभर त्यांना नुसतं राहू द्या. मागवायचे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मार्च उजाडला असेल तर रात्रीच्या गाडीने, आणि पिंजऱ्यांत पाण्याऐवजी जेल किंवा काकडी ठेवायला सांगा. बाटल्या रस्त्यात गळतात, भुसा भिजतो, आणि सकाळी ओले, गारठलेले रॅट उतरवून घ्यावे लागतात.